हेड गॅस्केट गेलंय की दुसरंच काही? हेड उतरवायच्या आधी खात्री कशी करायची

अर्धी_टाकी

नमस्कार मंडळी, जरा गोंधळात आहे म्हणून विचारतोय. गाडी चार सिलिंडर पेट्रोल, अ‍ॅल्युमिनियमचं हेड, नऊ वर्षं जुनी, १ लाख १८ हजार किमी झालीय. गेले दोन महिने कुलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) कमी होतंय, दर दहा-बारा दिवसांनी साधारण पाव लिटर टाकावं लागतं, खाली जमिनीवर एक थेंब नाही, पाइप कुठे ओले नाहीत, आणि काटा कायम मधोमध. सकाळी चालू केली की सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, पाच मिनिटांत जातो. परवा मेकॅनिककडे नेली तर त्याने ऑइल टाकायचं झाकण उघडलं, आतल्या बाजूला पिवळट पांढरा दुधाळ लगदा होता, तो बोटावर घेऊन मला दाखवला आणि म्हणाला हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं, हेड उतरवावं लागेल, गाडी सोडून जा. एवढंच, पाच मिनिटांत निकाल. खर्च ऐकून मी गाडी घेऊन परत आलो.

तर प्रश्न असा की झाकणाखालचा हा लगदा म्हणजे गॅस्केट गेलं हे नक्की का? हेड न उघडता घरच्या घरी किंवा थोड्या खर्चात काही तपासता येतं का?

झटपट

भावा रेडिएटरमध्ये टाकायचं लीक बंद करणारं लिक्विड मिळतं ते टाक, मी टाकलं होतं जुन्या गाडीत, आठ महिने चालली आरामात मग विकली. हेड उघडायच्या भानगडीत पडूच नकोस, एकदा उघडलेलं इंजिन पहिल्यासारखं बसत नाही.

तेलकट_हात

थांबा थांबा, आधीच औषध ओतू नका, अजून रोग कुठला तेच माहीत नाही.

झाकणाखालचा लगदा एकट्याने काहीच सिद्ध करत नाही. इंजिनमध्ये पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते, त्यातली थोडी पिस्टनच्या रिंगमधून निसटून खाली ऑइलकडे जाते. गाडी रोज नीट तापत असेल तर ती वाफ ऑइलमधून उडून व्हेंटिलेशनच्या नळीने परत इनटेकमध्ये ओढली जाते. पण गाडी रोज चार-पाच किमीच चालत असेल, ऑइल तापायच्या आधीच बंद होत असेल, तर ती वाफ सगळ्यात थंड जागी जाऊन बसते, आणि ती जागा म्हणजे ते झाकण. वाफ आणि ऑइल घुसळलं की तोच लगदा. गॅस्केटमधून कुलंट ऑइलमध्ये जात असेल तर नुसत्या झाकणाला कशाला लागेल, डिपस्टिक (ऑइलची लेव्हल बघायची पट्टी) ओढल्यावर सगळं ऑइल गढूळ कॉफी रंगाचं दिसेल आणि लेव्हल वाढलेली असेल.

म्हणून आधी एवढं सांगा: डिपस्टिकवरचं ऑइल कसं आहे? रोज किती चालते? सकाळी गार इंजिन चालू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत रेडिएटरचा वरचा जाड होज (रबरी पाइप) हाताने दाबून बघा, कडक होतो का? हीटर लावल्यावर गरम हवा येते का, की मधेच गार येते? पायाखालचं कार्पेट ओलं आहे का, काच आतून चिकट धुक्यासारखी होते का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी कधी ओव्हरहीट झाली होती का, एकदा तरी, खरं सांगा.

आणि गरम इंजिनवर रेडिएटरची कॅप उघडू नका. आत साधारण १ बार प्रेशर असतं, त्या प्रेशरखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशापर्यंत उकळत नाही, पण कॅप उघडली की त्या क्षणी उकळतं आणि तोंडावर येतं. हात भाजलेली माणसं मी पाहिलीत, त्यातला एक मीच.

डिझेलवेडा

माझी कथा ऐका, म्हणजे घाई करणार नाही. टर्बो डिझेल. कुलंट गायब, बाहेर लीक नाही, सकाळी पांढरा धूर, कुलंटच्या टाकीत बुडबुडे. म्हणजे पुस्तकात हेड गॅस्केटची जी लक्षणं देतात ती सगळी. एका ठिकाणी हेड उतरवलं, गॅस्केट बदललं, हेडला फेस मारला (मशीनवर घासून सपाट केलं), पंधरा दिवस गाडी आत. बाहेर आली आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा कुलंट कमी. मग दुसऱ्याने ईजीआर कूलर सुटा करून त्यात हवा भरून पाण्याच्या बादलीत बुडवला तर बुडबुड्यांची कारंजी. एक्झॉस्टचा गरम गॅस गार करायला त्या कूलरमधून कुलंट फिरतं, आतली नळी चिरली की कुलंट थेट इनटेकमध्ये आणि तिथून सिलिंडरमध्ये, आणि गॅस उलटा कुलंटमध्ये. हेडचा काही संबंध नव्हता. जुनं गॅस्केट मी मागून घेतलं होतं, चांगलं होतं, अजून घरी खिळ्याला टांगलंय.

तुमची पेट्रोल आहे, सगळ्याच पेट्रोल गाड्यांना तो कूलर नसतो, तरी आहे का बघून घ्या.

अर्धी_टाकी

@तेलकट_हात दादा, सगळं बघितलं. डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ, म्हणजे काळपट आहे पण दुधाळ नाही, लेव्हलही बरोबर. ऑफिस ४ किमी, म्हणजे रोज आठ किमी, तुम्ही म्हणता तसंच. हीटर व्यवस्थित, कार्पेट कोरडं. होज सकाळी दाबला, दोन मिनिटांनी मऊच होता, दहा मिनिटांनी कडक झाला. @डिझेलवेडा माझ्या इंजिनला ईजीआर कूलर नाही, मॅन्युअलमध्ये बघितलं.

ओव्हरहीट... हो, एकदा झाली होती. तीन महिन्यांपूर्वी ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, काटा वर गेला, लालच्या जवळ. बाजूला घेऊन बंद केली, तासाभराने कुलंट टाकलं, घरी आलो, नंतर परत कधी झालं नाही म्हणून मी ते धरलंच नव्हतं.

तेलकट_हात

हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं हो!

हेड गॅस्केट शक्यतो आपणहून जात नाही, त्याला कुणीतरी घालवतं, आणि तो कुणीतरी बहुतेक वेळा ओव्हरहीटिंग असतं. अ‍ॅल्युमिनियम लोखंडापेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतं. वरती अ‍ॅल्युमिनियमचं हेड, खाली ब्लॉक, मधे गॅस्केट, आणि बोल्टांनी घट्ट आवळलेलं. जास्त तापलं की हेडला फुगायला जागा नाही, मग ते वाकतं आणि गॅस्केटवरचा दाब एका जागी कमी होतो. लीक त्याच दिवशी होईल असंही नाही, दोन-तीन महिने घेतं कधी कधी. तुमचं कुलंट कमी व्हायला लागलं ते त्या प्रसंगानंतर, बरोबर ना?

तरी अजून मी गॅस्केट म्हणत नाही. होज मऊ राहिला ही चांगली खूण आहे. क्रम असा ठेवा, स्वस्त आधी. रेडिएटरची कॅप तपासा, तिचा रबर सुकला किंवा स्प्रिंग मेली की कुलंट रिझर्व्ह टाकीत जाऊन वाफेने उडतं आणि खाली थेंब पडत नाही, हेड गॅस्केटवर आळ येतो आणि चोर कॅप असते. मग कूलिंग सिस्टिमला पंपाने प्रेशर देऊन बघा. मग ब्लॉक टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधला गॅस कुलंटमध्ये येतोय का ते बघायची.

नापास_इंजिनियर

होजचं कारण सांगतो कारण बरेच जण ही टेस्ट करतात पण चुकीच्या वेळी करतात. गरम इंजिनचा होज कडक असणारच, कुलंट फुगतं, प्रेशर बनतं, त्यात काही बिघाड नाही. बघायचं ते गार इंजिनवर. चालू केल्यावर मिनिटभरात कुलंट फुगण्याइतकं तापलेलंच नसतं, तेव्हा होज कडक झाला तर प्रेशर दुसरीकडून येतंय, म्हणजे सिलिंडरमधून. सिलिंडरमध्ये लोडवर ५० बारच्या आसपास प्रेशर जातं आणि कुलंटमध्ये जेमतेम १ बार, त्यामुळे वाट मिळाली की गॅस कुलंटमध्ये घुसणार हे उघड आहे.

काट्यावर पण विश्वास ठेवू नका. आजकालच्या बहुतेक गाड्यांत काटा मुद्दाम झोपवून ठेवलेला असतो, कुलंट ८० ला असो की १०० ला, तो मधोमधच. ड्रायव्हर घाबरू नये म्हणून. खरा आकडा बघायचा तर ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) लावा. आणि कुलंट इतकं कमी झालं की सेन्सर हवेत उघडा पडला, तर काटा खाली येतो आणि इंजिन भाजत असतं, हे तर सगळ्यात वाईट.

झटपट

एवढं सगळं करण्यापेक्षा लिक्विड स्वस्त पडेल हो. असो, ऐकणारे ऐकतील.

तेलकट_हात

@झटपट तुम्ही गाडी आठ महिन्यांत विकली म्हणून तुम्हाला पुढचं दिसलं नाही, ज्याने घेतली त्याला विचारा. ते लिक्विड लीक कुठे आहे हे ओळखत नाही, अरुंद जागा दिसली की जमतं, आणि हीटर कोरच्या (हीटरची हवा गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरच्या) नळ्या अरुंदच असतात. हीटर गेला, रेडिएटर अर्धा चोंदला, मग गाडी जास्तच तापते. गाडी आडरानात बंद पडलीय आणि घरी पोचायचंय, तेव्हा समजू शकतो. निदान व्हायच्या आधी टाकलं तर नंतरच्या सगळ्या टेस्टा पण बिघडवून ठेवतं.

अर्धी_टाकी

अपडेट. कॅप नवीन घातली, जुनीचा रबर खरंच तडकलेला होता. आणि एकाकडे ब्लॉक टेस्टचं किट मिळालं, निळं लिक्विड रेडिएटरच्या तोंडावर काचेच्या नळीत धरून वरून रबराचा फुगा दाबत राहिलो, पाच मिनिटं केलं, रंग निळाच्या निळा! म्हणजे गॅस्केट ठीक आणि चोर कॅपच होती असं समजू ना? दोन आठवडे झाले, कुलंट कमी होणं पण निम्म्यावर आलंय.

नापास_इंजिनियर

अभिनंदन, पण निम्म्यावर म्हणजे थांबलेलं नाही. कॅप गेली होती म्हणून गॅस्केट चांगलं असा अर्थ होत नाही, दोन्ही एकदम असू शकतात. उलट नव्या कॅपने प्रेशर आता पूर्ण धरलं जातंय, त्यामुळे आत कुठे लीक असेल तर त्याला जोर जास्त मिळेल, पुढचे काही दिवस लक्ष ठेवा.

टेस्ट करताना इंजिन गरम होतं का? थर्मोस्टॅट (तापल्यावर कुलंटला रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) उघडलेला होता का? फुगा दाबताना आरपीएम दोन-अडीच हजार ठेवलेत का नुसत्या आयडलवर केली? लिक्विड चालू स्थितीत होतं हे तपासलं का? ते निळं लिक्विड कार्बन डायऑक्साइड मिळाला की आम्लाने पिवळं होतं (डिझेलला हिरवट), एवढंच त्याचं काम. तेच लिक्विड सायलेन्सरच्या तोंडाशी धरून एक-दोनदा ओढा, पिवळं झालं तर लिक्विड जिवंत. नाही झालं तर ते जुनं झालंय आणि तुमची टेस्ट झालीच नाही असं समजा. अजून एक, रेडिएटरमध्ये कुलंटची लेव्हल दोन-तीन इंच खाली काढून मगच टेस्ट करायची, नळीत कुलंट ओढलं गेलं की लिक्विड वाया.

अर्धी_टाकी

आयडलवर केली होती, आणि नुकतीच चालू केली होती. परत करतो.

(दुसऱ्या दिवशी) पूर्ण गरम करून, अडीच हजारावर धरून केली. निळंच. सायलेन्सरला धरलं तर दोन फुग्यात पिवळं, म्हणजे लिक्विड चांगलं आहे. आता तरी सुटलो ना?

तेलकट_हात

बरीच शक्यता कमी झाली. पण सुटलात असं नाही म्हणणार मी, कुलंट अजून कुठेतरी जातंय. चालवत राहा, लेव्हलवर रेघ मारून ठेवा, सकाळी चालू करताना कान उघडे ठेवा.

अर्धी_टाकी

तीन आठवड्यांनी परत आलो. कान उघडे ठेवले आणि ऐकू आलं. गेल्या चार दिवसांपासून सकाळी पहिल्यांदा चालू केली की गाडी थरथरते, मिसिंग करते, वीस-तीस सेकंद, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो, पांढरा धूर भसकन येतो आणि मग सगळं शांत, दिवसभर काही नाही. दुपारी ऑफिसमधून निघताना पण नाही, फक्त रात्रभर उभी राहिल्यावर. स्कॅनर लावला तर पी ०३०३, म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरला मिसफायर, तिथलं पेट्रोल नीट पेटत नाही. प्लग नवीन टाकला, कॉइल दोन नंबरशी बदलून बघितली, कोड तीनवरच. ब्लॉक टेस्ट तर दोनदा निळी आली होती, मग हे काय?

तेलकट_हात

आता बोलली गाडी.

नीट समजून घ्या कारण इथेच लोक फसतात. फट एकच असते पण तिच्यातून येणं-जाणं वेळेप्रमाणे बदलतं. इंजिन चालू असताना सिलिंडरमधलं प्रेशर जास्त, गॅस कुलंटकडे ढकलला जातो, हे ब्लॉक टेस्टमध्ये दिसतं. इंजिन बंद केल्यावर सिलिंडर रिकामा आणि कुलंट अजून गरम, १ बार प्रेशरखाली, मग कुलंट सिलिंडरकडे ढकललं जातं. रात्रभर थेंब थेंब. फट अगदी बारीक असली तर चालू असताना हेड तापून फुगून ती जवळजवळ बंद होते आणि गॅस एवढा कमी जातो की निळं पिवळं होत नाही, पण गार होताना फट उघडते आणि कुलंट आत. सकाळी तोच सिलिंडर ओला, प्लग ठिणगी टाकत नाही, वीस सेकंदांत पाणी वाफ होऊन सायलेन्सरवाटे गेलं की गाडी सुतासारखी सरळ. म्हणून ब्लॉक टेस्ट पिवळी आली तर गॅस कुलंटमध्ये येतोय हे पक्कं, पण निळी आली तर सगळं ठीक हे पक्कं नाही.

आता ही टेस्ट करा. गाडी पूर्ण गरम करा, बंद करा, नीट गार झाली की मगच कॅप काढून प्रेशर पंप लावा, कॅपवर जेवढं प्रेशर लिहिलंय तेवढंच द्या, जास्त नको, उगाच रेडिएटर फोडाल. रात्रभर तसंच ठेवा. सकाळी गेजवर किती राहिलंय बघा. मग चालू न करता चारही प्लग काढा आणि बारीक कॅमेरा असतो ना मोबाईलला जोडायचा, तो भोकातून आत घालून पिस्टनचा माथा बघा. चौघांचे माथे काळे असतील आणि एकाचा धुतल्यासारखा चकचकीत असेल तर गुन्हेगार सापडला, कुलंटची वाफ कार्बन धुऊन काढते.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. एखाद्या सकाळी सेल्फ मारल्यावर धक्कन अडकला आणि इंजिन फिरलंच नाही तर पुन्हा पुन्हा मारू नका. सिलिंडर पाण्याने भरला असेल तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. मग गॅस्केटचा खर्च किरकोळ वाटेल.

डिझेलवेडा

हे मला पण नवीन होतं, बंद असताना उलटं येतं ते. माझ्यावेळी कुणी एवढं सांगितलं असतं तर.

अर्धी_टाकी

केलं. रात्री १ बार दिलं होतं, सकाळी गेज ०.६ वर. प्लग काढले, तीनचा ओला. कॅमेरा घातला तर एक, दोन, चार काळेकुट्ट आणि तीनचा माथा नवीन भांड्यासारखा, कडेला हिरवं कुलंट साचलेलं चक्क दिसत होतं. फोटो काढून ठेवलाय. मग तुम्ही सांगितलं नव्हतं तरी कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते) पण मोजून घेतलं एकाकडून: १७५, १७२, १५८, १७४ पीएसआय. तीन कमी आहे पण फार नाही, तो म्हणाला दहा टक्क्यांच्या आत-बाहेर चालतं, गॅस्केट नसेल.

नापास_इंजिनियर

कॉम्प्रेशन टेस्ट ठोकळ गोष्टी पकडते. दोन शेजारच्या सिलिंडरांच्या मधली गॅस्केटची पट्टी उडाली असती तर दोन आणि तीन दोघं एकदम पडले असते, शंभराच्या खाली वगैरे, तो पॅटर्न बघितला की विचारायची गरज नसते. केसाएवढ्या फटीतून रात्रभरात पाणी जाईल पण सेल्फवर दोन सेकंदांत हवा जाणार नाही. हवं असेल तर लीकडाउन करा: तीन नंबरचा पिस्टन टॉप डेड सेंटरला, म्हणजे अगदी वर, आणून प्लगच्या भोकातून बाहेरून हवा भरायची आणि कान लावायचा. थ्रॉटलकडून सूं आवाज आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आला तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर आपला पाहुणा, म्हणजे कुलंटकडची फट. हवा भरताना इंजिन फिरू शकतं, पाना बोल्टवर लावून ठेवला असेल तर हाताला बसेल, सांभाळून.

पण खरं सांगायचं तर ओला पिस्टन डोळ्यांनी दिसलाय, आणखी पुरावा कशाला.

तेलकट_हात

बरोबर. आता हेड उतरवा, आता हरकत नाही. पण एक लक्षात ठेवा, पिस्टनवर पाणी आलंय म्हणजे गॅस्केट किंवा हेडला क्रॅक, वरून दोन्ही सारखंच दिसतं. हेड उतरवल्यावर नुसतं गॅस्केट बदलून परत बसवू देऊ नका. हेड मशीन शॉपला पाठवून प्रेशर टेस्ट करून घ्या, व्हॉल्व्हच्या सीटांच्या मधे बारीक चीर असते ती डोळ्यांना दिसत नाही. मग सरळ पट्टी उभी, आडवी आणि तिरपी ठेवून खाली फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालून बघायचं, किती वाकलंय. मर्यादा तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये असेल, बऱ्याच इंजिनांना ०.०५ मिमीच्या आसपास असते. ब्लॉकचा वरचा भाग पण तसाच बघायला सांगा, लोक हेडला फेस मारतात आणि ब्लॉककडे बघतच नाहीत.

बोल्ट नवीन. ज्या इंजिनचे बोल्ट आधी टॉर्क आणि मग अंशात फिरवून आवळायचे असतात ते एकदा ताणले गेले की परत तेवढा दाब देत नाहीत. बोल्टांची भोकं कोरडी आणि स्वच्छ, तळाशी ऑइल किंवा कुलंट राहिलं तर बोल्ट आवळताना ते दाबलं जाऊन ब्लॉकला चीर पडू शकते, आणि टॉर्क रेंच खोटा आकडा दाखवतो. आवळताना मधून बाहेर, सोडताना बाहेरून मधे, आणि सोडायचे ते इंजिन पूर्ण गार असताना. जुनं गॅस्केट खरवडायला ग्राइंडरला लावायची घासणारी चकती लावू देऊ नका, तिची धूळ ऑइलमध्ये जाते आणि बेअरिंगा खाते. काम झालं की ऑइल आणि फिल्टर नवीन, कुलंट भरताना हवा नीट काढा, एअर लॉक राहिला तर पहिल्याच फेरीत परत ओव्हरहीट.

आणि हे सगळं करून मूळ प्रश्न तसाच आहे बघा: त्या दिवशी ट्रॅफिकमध्ये गाडी का तापली? उभ्या गाडीत तापते आणि चालत्या गाडीत नाही, म्हणजे पहिला संशय फॅनवर. ते सापडल्याशिवाय हेड बसवलंत तर वर्षभरात इथेच भेटू.

अर्धी_टाकी

शेवटचा अपडेट, उशीर झाला त्याबद्दल माफ करा.

हेड उतरवलं. तीन नंबरच्या सिलिंडरभोवतीच्या गॅस्केटच्या कड्याच्या आणि शेजारच्या पाण्याच्या भोकाच्या मधे गॅस्केटचा वरचा थर सोललेला आणि गंजाची एक बारीक रेघ, नखाएवढी. हेड ०.१२ मिमी वाकलेलं. प्रेशर टेस्टमध्ये क्रॅक नाही, नशीब. फेस मारला, ब्लॉक सरळ निघाला, बोल्ट नवीन, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट पण बदलून घेतले कारण सगळं उघडलेलंच होतं.

आणि फॅन! लो स्पीडचा रेझिस्टर जळालेला. फॅन फक्त हाय स्पीडवर यायचा, म्हणजे कुलंट बरंच तापल्यावर. एसी लावला की मात्र फॅन हायवर चालू व्हायचा. मला आठवतंय, त्या दिवशी पेट्रोल वाचवायला म्हणून मी ट्रॅफिकमध्ये एसी बंद ठेवला होता.

गंमत म्हणजे ज्या मेकॅनिकवर मी चिडलो होतो त्याचं उत्तर बरोबरच निघालं, गॅस्केटच गेलं होतं. पण त्याने ते ज्या लगद्यावरून सांगितलं त्याचा काही संबंध नव्हता, आणि फॅन तर त्याने बघितलाच नसता. काम मी दुसरीकडे केलं, कॅमेऱ्याचा फोटो दाखवला तेव्हा तिथल्या माणसाने काही न बोलता पाने काढले.

हजार किमी झाले, कुलंटची लेव्हल रेघेवर आहे, सकाळी एका झटक्यात चालू होते. फक्त काल सहज ऑइलचं झाकण उघडलं तर आत परत तो पिवळट लगदा. पोटात गोळा आला.

तेलकट_हात

डिपस्टिक स्वच्छ आहे ना? मग फडक्याने पुसा आणि रविवारी गाडी घेऊन तासभर लांब जाऊन या. ऑफिस अजून ४ किमीवरच आहे ना.